खोड्यासमोर उभा राहिलेला अनिरुद्धदादा

अनिरुद्धदादाला वळूने ठार मारलं, हे मला हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत फोनवर कळलं. लोखंडी कुंपणावर त्याची छाती चिरडली, वळू मागे सरला आणि पुन्हा धडकला. कंपनीच्या पत्रात ‘दुर्दैवी अपघात’ असं होतं. पाच आठवडे झाले, त्या दोन शब्दांवर मी अजून थुंकतो आहे.

दादा पुण्याचा, पशुविज्ञान शिकलेला. इथे परदेशात, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये आम्ही एकत्र राहायचो. त्याचं ऑफिस तांजोंग पगारला बाराव्या मजल्यावर, आणि वळू ऑस्ट्रेलियातल्या फार्मवर. मांसासाठी पाळलेल्या जनावरांमधले तरुण वळू रोज किती वाढतात, त्यांच्यापासून किती गाई गाभण राहतात, यावरून तो त्यांची क्रमवारी लावायचा. त्यात एक रकाना स्वभावाचा. वजन करून वळू खोड्यातून, म्हणजे जनावर जखडून धरणाऱ्या लोखंडी चौकटीतून, सोडला की कसा वागतो ते पाहून फार्मवरची माणसं गुण द्यायची. एक म्हणजे शांत, पाच म्हणजे जिवाला धोका. त्याच्या साहेबांनी तो रकाना काढायला लावला. म्हणे हे गुण नजरेने दिलेले, मोजलेले नाहीत. खरं कारण वेगळं होतं... सगळ्यांत झपाट्याने वाढणाऱ्या वळूला पाच गुण होते. दादाने रकाना काढला, वळू पहिला आला आणि महिन्याभरात त्याने एका गुराख्याच्या बरगड्या मोडल्या.

ती बातमी आली त्या संध्याकाळी मी दादाला सोडलं नाही. नोकरी गेली की इथे राहायचा पास जाईल, घरी आईबाबा आहेत, असं तो पुटपुटत राहिला. मी ताट भिंतीवर फेकलं.

“वळू जवळून पाहिलायस तरी का कधी? काचेआड बसून माणसं मारतोस तू.”

“क्रांतिवीर, तुझ्या पत्रकांनी अजून एक डास मेलेला नाही,” तो म्हणाला. मग सांडलेलं अन्न तो गोळा करू लागला. “त्यांना मोजलेलं हवंय ना? मी जाऊन मोजतो.”

तिथे फार्मवर, खोड्याच्या दारातून सुटलेला वळू ठरावीक अंतर किती सेकंदांत कापतो, हे तो स्टॉपवॉच घेऊन टिपत होता; जितका वेग जास्त, तितका वळू धोक्याचा. गुराखी ओरडत होते, कुंपणामागे हो. तिथून वेळ नीट टिपता येत नव्हती, म्हणून तो आत, सरळ रेषेत उभा राहिला. आयुष्यभर आकड्यांतच वळू पाहिलेला माणूस.

त्याला तिथे कंपनीने उभं केलं, असं मी सगळीकडे लिहिलं. इथे पूर्ण लिहितो... मीही उभं केलं.

दादाला मारणारा वळू तोच, पाच गुणांचा, आणि क्रमवारीत अजून पहिलाच आहे. दादाची मोजणीची वही त्याच्या सामानासोबत आली. परवा कंपनीचा माणूस ती मागायला आला, तर मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. वही दादाच्या टेबलावर उघडीच आहे. शेवटच्या ओळीत त्या वळूचा क्रमांक, दादाच्या नेटक्या अक्षरात. पुढे सेकंदांची जागा कोरी.