वहिनीच्या हाताला पटेना

आमच्या वहिनीने आयुष्यात एकही वस्तू पहिल्या खेपेला घेतलेली नाही. माझ्या भावालासुद्धा तिने आधी नकार कळवला होता. महिन्याभराने पुन्हा बघायला बोलावलं आणि तेव्हा कुठे होकार दिला. "पहिल्यांदा हे काही बोललेच नाहीत. न बोलणारा माणूस कसा पारखायचा?" असं ती पोळ्या लाटता लाटता दादाच्या देखत सांगे. दादा पेपरात तोंड घालून हसे. मीही तेव्हा हसायचो. या बाईबरोबर पुढे मला कीबोर्ड घ्यायला जायचंय, हे तेव्हा ठाऊक असतं तर हसलो नसतो.

वहिनीचं माहेर मखमलाबादचं, भाजीपाला आणि फुलं पिकवणारं. लहानपणी ती वडिलांबरोबर बाजारात बसलेली. त्यामुळे विकणारा कुठे फसवतो आणि घेणारा कुठे फसतो, या दोन्ही गोष्टी तिला पाठ. नाशिकात आमच्या म्हसरूळच्या घरी आल्यावर भाजी घ्यायला ती जाई तेव्हा गाडीवाले आधीच हात जोडत. भेंडीचं टोक मोडून बघायचं, वांग्याचं देठ चाचपायचं, आणि सगळं उत्तम असलं तरी दोन गाड्या पुढे जाऊन परत यायचं. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर: "हाताला पटलं पाहिजे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कोणी उच्चारलं तर आजही माझं डोकं फिरतं.

घरी बसून ती गावातल्याच द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम करायची. ट्रकांतून गेलेल्या मालाच्या पावत्या संगणकात भरायच्या. नुसते आकडे. गाडी नंबर, वजन, भाडं. कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या बोळकांडीत एक अरुंद टेबल होतं, तेच तिचं ऑफिस. मी गंमत म्हणून तिला त्याच संगणकावर गोळीबाराचा एक खेळ शिकवला आणि ती माझी घोडचूक ठरली. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा सरस खेळायला लागली. काम उरकलं की बांगड्या कोपरापर्यंत सारायची, कानाला हेडफोन लावायची आणि पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर बसलेल्या मला हुकूम सोडायची. "भाऊजी, तुम्ही भिंतीमागेच थांबा. उगीच मधे येऊन मरू नका."

मग तिचा उजवा खांदा दुखायला लागला. इतका, की फळीवरचा डाळीचा डबा काढायला ती मला हाक मारी. दाखवायला नेलं तर व्यायाम करून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, कीबोर्ड फार लांब आहे, त्यामुळे माउस पार उजवीकडे जातो आणि हात दिवसभर फाकलेला राहतो. लहान कीबोर्ड घ्या, माउस अंगाजवळ आणा. एवढी साधी गोष्ट. पण आईने त्यातून वेगळाच अर्थ काढला. आई दिंडोरीकडची, निम्मा जन्म शेतात गेलेला. तिचा त्या खेळावर पहिल्यापासून राग होता.

"तो खेळ बंद कर, खांदा आपसूक बरा होतो का नाय बघ," ती वहिनीला म्हणाली. "दसऱ्यापर्यंत वाट बघते. तवर दुखणं गेलं नाय, तर खेळ पण बंद आन ते पावत्यांचं काम पण बंद. डबडं उचलून माळ्यावर टाकीन. हातापायापेक्षा काय जास्त हाय का?"

आई बोलली की करते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनी नंतर मला म्हणाली, "भाऊजी, दिवसभर मी सगळ्यांची असते. त्या टेबलाशी बसले की तेवढी माझी असते. ते जाऊ द्यायचं नाहीये मला." हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं, आणि म्हणून मी म्हणालो, चल, उद्याच घेऊन टाकू. तेव्हा नुकताच श्रावण लागला होता.

उद्याच! एम. जी. रोडवरच्या संगणकाच्या दुकानांना आम्ही दोघांनी किती प्रदक्षिणा घातल्या ते त्या दुकानदारांना विचारा. पहिली अडचण आकड्यांची. लहान कीबोर्ड म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा चौकोन छाटलेला. खेळाला ते फार सोयीचं, माउसला ऐसपैस जागा. पण हिचं सगळं कामच त्या चौकोनावर. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, लहान कीबोर्ड घे आणि आकड्यांचा चौकोन सुटा मिळतो तो वेगळा घे. डावीकडे ठेव. डाव्या हाताने आकडे मार, उजव्या खांद्याला तेवढाच आराम. यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला अर्धा नारळ एका दुकानातून आणि अर्धा दुसऱ्या दुकानातून घ्यायला सांगत होतो. "लहान घ्यायला आलो आणि दोन घेऊन जायचे? आणि डाव्या हाताने हिशेबाचं काम? काहीतरीच तुमचं."

दुसरी अडचण बटणांची. हे कीबोर्ड मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतःची वेगळी स्प्रिंग. लाल जातीची बटणं मऊ चालतात, निळी टकटक वाजतात, तपकिरी मधली. मी हे सगळं घरी समजावून नेलं होतं. दुकानात तिने डोळे मिटून एकेक बटण दाबायला सुरुवात केली. लाल दाबून म्हणाली, "हे लोणी आहे. बोट कधी बुडालं ते कळतच नाही." निळं दाबून म्हणाली, "हे तर सगळ्या गल्लीला सांगतंय. आई दुपारी आडव्या होतात." तपकिरी बरंच वाटलं, तर म्हणाली, "बरं आहे. आता दुसरीकडे बघून येऊ." आणि जाता जाता दुकानदाराला विचारलं, "ताजा माल कधी येतो तुमच्याकडे?" तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं.

त्यानंतर तिने जे केलं ते मी अजून कुणाला पटवून देऊ शकलेलो नाही. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, दुकानातल्या कीबोर्डांच्या मापाचे तुकडे कापले आणि रोज एकेक तुकडा टेबलावर ठेवून त्याच्यापुढे बसायला लागली. पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. माउस हलवून बघायची. "हा जरा आखूड होतो, बाणांची बटणं कुठे बसणार?" पुठ्ठ्यावर बटणं नव्हती, तरी तिला ती कमी पडत होती. मी म्हटलं, वहिनी, खांदा तुझा दुखतोय, दसरा जवळ येतोय आणि तू पुठ्ठ्यावर टायपिंग करतेस? ती शांतपणे म्हणाली, "बांगडी घेताना आधी माप देतात ना?" मी पाय आपटत खोलीबाहेर गेलो.

गणपती आले, गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा देताना म्हणाली, "भाऊजी, ठरलं. तपकिरी बटणांचा, बाण असलेला लहान कीबोर्ड. आणि माझ्या डोक्यात एक आलंय. आकड्यांचा चौकोन सुटा मिळतो म्हणे, तो घेऊन डावीकडे ठेवायचा. उजव्या खांद्याला तेवढाच आराम." मी कप खाली ठेवला. भांडण्यात अर्थ नव्हता. मी गाडीची किल्ली घेतली.

"आत्ता कुठे? पितृपक्ष लागला ना," वहिनी म्हणाली. "या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत."

मी देवाला हात जोडले. म्हटलं, "अगं, पंधरवडा गेला की दसऱ्याला उरतात किती दिवस? तेवढ्यात खांदा बरा होणारे का? आणि पितरांना कीबोर्ड म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

"म्हणूनच नको. दचकतील," ती म्हणाली. पण ती हसली नाही. खांदा चोळत उभी राहिली. तिचा जीव त्या टेबलात अडकला होता आणि घरची रीतही मोडवत नव्हती. मग एकदम पदर खोचून म्हणाली, "चला. मला एक बघून यायचंय."

दुकानात ती थेट काउंटरवरच्या नमुन्याच्या कीबोर्डपाशी गेली. येणारा-जाणारा दाबून बघतो तो कीबोर्ड. काही बटणांवरची अक्षरं पुसट झालेली, स्पेसबारची लांब पट्टी घासून तुकतुकीत. "हा द्या," ती म्हणाली.

"ताई, पॅक पीस देतो ना नवा. याला पब्लिकने लय बडवलाय," दुकानदार म्हणाला.

"मग तोच द्या. सगळ्या नाशिकने वापरलाय म्हणजे जुनाच झाला ना? आणि मी दाबून बघितलाय तो हाच. खोक्यातला कसा निघेल काय माहीत."

दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला नवा माल घ्या म्हणून विनवणी केली असेल. शेवटी नमुना दिला, सुटा चौकोनही दिला. तेवढ्यावर ती हलेना. "वर काय?" तिने विचारलं. भाजीवर कोथिंबीर मागतात त्याच सुरात. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याने हसत बटणं उपसायचा एक चिमटा आणि ब्रश तिच्या पिशवीत टाकला.

पुढचे दिवस वहिनी डाव्या हाताने आकडे मारायला शिकत होती, चुकत होती, स्वतःवरच चिडत होती. आई येता-जाता तिच्या खांद्याकडे बघायची. विचारायची मात्र नाही. नवरात्र निम्मं सरल्यावर एकदा वहिनीने फळीवरून डाळीचा डबा स्वतःच काढला. मी आईकडे बघितलं. आई मान खाली घालून मटार सोलत राहिली, पण सालं पातेल्यात आणि दाणे सालांच्या ढिगात पडत होते.

दसऱ्याला वहिनीच्या माहेराहून झेंडूची पाटी आली. आई दरवर्षी पाटावर हत्यारं मांडून पूजा करते. विळी, अडकित्ता, दादाचे पाने-पक्कड, आणि तिच्या शेतातल्या दिवसांचं एक झिजलेलं खुरपं. मी आंघोळ करून आलो तर पाटावर, खुरप्याच्या शेजारी, वहिनीचा कीबोर्ड. त्यावर हळद, त्यावर कुंकू, वर मूठभर अक्षता, फुलं, आणि पळीभर पाणीसुद्धा वाहिलेलं.

"आई! अगं, काय केलंस!" मी ओरडलो. "तांदूळ आत गेले सगळे! पाणी कशाला घातलंस? महिनोन्‌महिने वणवण करून आणलाय तो!"

आई गांगरली. "चांगल्याचंच केलं ना रे. पोरीचं हत्यार हाय ते," ती म्हणाली.

वहिनी दारात उभी होती. मला वाटलं, आता हिचा स्फोट होणार, आणि व्हायलाच हवा. पण तिचे डोळे भरून आले होते. "भाऊजी, गप्प बसा," ती म्हणाली. "आईंनी तो खुरप्याशेजारी ठेवलाय." मग पुढे येऊन वाकली, आईच्या पायांना हात लावला. आईने तिच्या त्याच खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी एकटाच त्या तांदळांकडे बघत धुमसत होतो.

सगळी दुपार वहिनी दुकानदाराच्या चिमट्याने एकेक बटण उपसून पिठाच्या चाळणीत टाकत होती, आणि आई समोर बसून तांदळाचे दाणे वेचत होती. बटणं परत बसवताना कुठलं कुठे ते दोघींनाही आठवेना, तेव्हा मला बोलावणं आलं. वरच्या आकड्यांच्या ओळीतल्या कुठल्याशा बटणाच्या फटीत कुंकू राहिलं ते राहिलंच. वहिनीने ते काढू दिलं नाही. कीबोर्ड मात्र चालला.

पुढच्या उन्हाळ्यात दादाची बदली कोल्हापूरला झाली. सामान बांधताना आईने कीबोर्ड स्वतःच्या मऊ पातळात गुंडाळून वहिनीच्या हातात दिला. टेम्पोत टाकू दिला नाही. ती दोघं गेली आणि घर शांत झालं. मला वाटलं होतं की सुटलो, आता मंडईत दोन गाड्या पुढे जाऊन परत यायला नको. तसं काही झालं नाही. मला वहिनीची फार आठवण येते, हे सरळ सांगून टाकतो.

आता रविवारी दुपारी आम्ही दोन गावांतून खेळतो. आणि नवा ताप म्हणजे, आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसते. ज्या खेळावर तिचा एवढा राग, तोच टक लावून बघते. ऐन मोक्याला मला ढोसते, "खांदा कसाय, विचार तिला." मी विचारतो. वहिनी म्हणते, "बरा आहे म्हणावं." आई मान हलवते. "ती कधी सांगायची नाय. हरते का बघ, त्यावरून कळंल."

मागच्या रविवारी वहिनी हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली. मी आईला सांगितलं की तिच्याकडे पाऊस आहे, नेट सारखं तुटतंय, खांद्याचा काही संबंध नाही. आईने ऐकून घेतलं. मग उठली, माळ्यावरची पिशवी मला काढायला लावली, आणि कोल्हापूरची गाडी किती वाजता सुटते ते विचारायला लागली.