संपलेशेठची पाटी

बाजाररस्त्यावरच्या त्या सहा टेबलांच्या हॉटेलाला एक रीतसर नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, "चला, संपलेशेठकडे जाऊ." हे टोपणनाव मालकाला मिळालं ते दारावरच्या पाटीमुळे. सुतळीला टांगलेली लाकडी पाटी, एका बाजूने कोरी आणि दुसऱ्या बाजूला एकच शब्द: संपलं.

तिथला धंदा अगदी साधा. सकाळी एक मोठं पातेलं सूप चुलीवर चढायचं, शेजारच्या भट्टीतून गरम पाव यायचे, आणि पातेल्याचा तळ दिसला की शेठ पाटी फिरवायचे. दुसरं पातेलं नाही. हा नियम शेठच्या मावशीचा. हॉटेल आधी तिचं होतं आणि भाच्याच्या हाती देताना तिने एवढंच बजावलं होतं की कालचं आज विकायचं नाही. शेठनी तो नियम असा पाळला की दुपार कलायच्या आत पाटी फिरली नाही असा दिवस गेला नाही. उशिरा आलेलं गिऱ्हाईक काचेला नाक लावून आत बघायचं, शेठ आतून दोन्ही हात वर करायचे, आणि ते गिऱ्हाईक हळहळत निघून दुसऱ्या दिवशी लवकर यायचं. खरं सांगायचं तर शेठना दिवसभरात सगळ्यात आवडायचं ते हे हात वर करणंच. सूप ढवळण्यात कसली आलीय ऐट?

मग समोर लाल हॉटेल आलं. गावोगावी ज्याच्या शाखा असतात आणि सगळीकडे ज्याच्या खुर्च्यासुद्धा सारख्याच असतात, तसलं. दार आपोआप उघडतं. आत शिरलं की टोपी घातलेली मुलगी "आपलं स्वागत आहे" म्हणते. वाऱ्याने दार उघडलं तरी म्हणते. आणि तिथे कधीच काही संपत नाही. शेठना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. "जे संपतच नाही त्याला अन्न म्हणायचं तरी कसं?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे. येणारेजाणारे मान हलवायचे आणि रस्ता ओलांडून तिकडे जायचे.

आणि एक दिवस पातेलं उरलं. पाटी फिरवायची वेळ झाली, टळली, आणि सूप अर्ध्यावरच होतं. सहाही टेबलं रिकामी. काचेतून सगळ्या रस्त्याला ती दिसत होती. शेठ थोडा वेळ बसले, मग उठले आणि त्यांनी पाटी फिरवली.

"अहो, अर्धं आहे अजून," शेठाणी आतून म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग पाटी कशाला?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाका नाहीतर उघडी ठेवा, हे सूप पिणार कोण?"

ते दोघांनीच प्यायलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही. लेक माहेरी आली की सूप, जावई न्यायला आला की सूप. जावई भला माणूस, पण पुढेपुढे तो लेकीला कोपऱ्यावरूनच हाका मारायला लागला. जे कुणालाच संपेना ते शेठ मोरीत ओतायचे, आणि ओतताना तोंड दुसरीकडे फिरवायचे. पातेलं मात्र लहान केलं नाही. पावही पूर्वीइतकेच मागवायचे, नाहीतर भट्टीवाल्याला कळलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते असं. शेठाणींनी सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी एकदा चिडून म्हणाल्या, "तिकडचे लोक आपली गिऱ्हाइकं ओढतायत की आपणच ढकलतोय, ते एकदा बघा तरी." त्यावर शेठ पाव मोजायला आत गेले.

अशात एका दुपारी टेलरमास्तर काचेशी आले. मावशीच्या काळापासून कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारा माणूस. मापाची टेप गळ्यातून काढायला विसरून तशीच जेवायला येणारा. पाटी तेव्हा नुकतीच फिरली होती. पातेलं जवळजवळ भरलेलं होतं.

"वा शेठ! आजही संपलं?" मास्तर बाहेरून ओरडले.

आणि शेठचे दोन्ही हात आपोआप वर गेले. मास्तर हसले, मान डोलावली आणि सावकाश रस्ता ओलांडून लाल हॉटेलात शिरले.

"मास्तरांनासुद्धा?" शेठाणी म्हणाल्या. एवढंच बोलून त्या भांड्यांकडे वळल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

समोरच्या काचेमागे मास्तर एकटेच बसलेले दिसत होते. ट्रेमधलं काहीतरी चष्मा कपाळावर चढवून निरखत होते. शेठना स्वतःचा असा संताप आला की ते एप्रन न काढताच उठले. दार आपोआप उघडलं, मुलीने स्वागत केलं, रांगेतले लोक वळून बघायला लागले. शेठ सरळ मास्तरांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"मास्तर, संपलेलं नाही."

"काय संपलेलं नाही?"

"सूप. जवळजवळ पातेलंभर आहे. रोज उरतं. पाटी मी उगाच फिरवतो. टेबलं रिकामी का, ते लोकांना कळू नये म्हणून."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "अरे," ते हळू आवाजात म्हणाले, "उन्हाळ्यापासून मी रोज तुझी पाटी बघून इकडे येतोय. आता शिलाईला हात भरभर चालत नाही, दुकानातून निघायला उशीर होतो. मला वाटलं, याचं जोरात चाललंय, आपल्यासाठी वाटीभर बाजूला ठेवायचं याच्या मनात येत नाही. बोलून दाखवणार कसं? भट्टीवाला पण तेच म्हणतो."

"भट्टीवाला?"

मास्तरांनी हनुवटीने कोपरा दाखवला. तिथे भट्टीवाला भरल्या तोंडाने बसला होता. त्याने मान खाली घातली.

इतके दिवस शेठ लाल हॉटेलाला शिव्या घालत होते, आणि आपली जन्माची माणसं आपल्याच हाताने त्यांनी इथे आणून बसवली होती. मास्तरांनी बटाट्याची एक तळलेली काडी त्यांच्यापुढे केली. शेठनी ती खाल्ली. वाईट असती तर जीव थंड झाला असता. पण ती खमंग होती, कुरकुरीत होती, आणि शेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या येतो. ठेवशील ना?"

"ठेवावं लागत नाही, मास्तर. उरतंच."

ते परत आले तेव्हा शेठाणींनी पाटी कोऱ्या बाजूला करून दार सताड उघडं टाकलं होतं. त्यांनी समोर दोन वाट्या ठेवल्या आणि दोघं दारासमोरच्या टेबलावर, सगळ्या रस्त्याला दिसतील असे, जेवायला बसले. थोड्या वेळाने एक अनोळखी जोडपं उंबऱ्याशी थबकलं.

"चालू आहे का?"

शेठना घास गिळायला वेळ लागला. "आहे."

"काय काय मिळतं?"

"सूप."

"आणखी?"

"पाव."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "येतो हं," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. समोरचं दार आपोआप उघडलं.

शेठ ताडकन उठले. त्यांचा हात सुतळीपर्यंत पोचला होता.

"हात खाली घ्या," शेठाणी म्हणाल्या. वर न बघता, पाव मोडता मोडता. "आणि बसा. निवतंय."

शेठनी हात खाली घेतला. मग खुर्ची जरा सरकवून, रस्त्याकडे तोंड करून, ते बसले.