डिझेलचा वास

आज पंपाचं डिझेल अंगणात सांडलं आणि सून फिनाईलची बाटली घेऊन धावली. मी मात्र त्या वासाबरोबर चोपड्याच्या माझ्या माहेरच्या ओसरीवर जाऊन पोचले.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मला पाहायला मुलगा आला होता, मुंबईला नौदलाच्या गोदीत कामाला असलेला. शर्ट कडक इस्त्रीचा, पण डिझेलचा वास काही त्यातून गेला नव्हता. मी चहाचा ट्रे धरून उभी होते.

"लढाईना जहाजवर शे ना तू?" माझ्या आजोबांनी, आबांनी, विचारलं.

"नाही, टगवर. मोठं जहाज धक्क्याला लागताना आमची छोटी बोट त्याला दोराने ओढते, ढकलते."

"म्हंजे दुसरास्नं जहाज ढकलस?" आबा हसले, तशी अख्खी ओसरी हसली. मुलगा मान खाली घालून चहावरची साय बाजूला करत राहिला.

पाहायला आलेल्यांसमोर मुलीने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी बोलले.

"आबा, तापीनी वाळूमा केळीनी गाडी रुतनी, की तुम्हीच पुढे दुसरी जोडी जुंपतस. त्या बैलेस्ले कोणी हसस का?"

आईने माझा दंड आवळला. मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. पुढे त्याच शर्टाच्या घड्या मी आयुष्यभर घातल्या.

आज वाटतं, तेव्हा आणखी मोठ्याने बोलायला हवं होतं.

सुनेच्या हातातली बाटली मी काढून घेतली.

"राहू दे तो वास," म्हटलं. "या घरात तो माझ्या शब्दावर आलाय."