आधी आडनाव, मग नाव

माझ्या बायकोच्या मामांइतका फुलांचा मान राखणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत दुसरा सापडायचा नाही. मान म्हणजे काय, तर ते कुठल्याही फुलाला अर्ध्या नावानं हाक मारत नाहीत. झेंडू, जास्वंद, सदाफुली ही त्यांच्या मते लाडाची नावं, घरात ठीक, चारचौघांत नाही. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं त्यांची नेमणूक छावणीतल्या साहेबांच्या बागेवर होती आणि तिथल्या झाडांना इंग्रजी अक्षरांत लांबलचक शास्त्रीय नावांच्या पाट्या होत्या. मामांनी त्या पाठ केल्या आणि ट्रंकेबरोबर वडूजला घेऊन आले. अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता, त्यांनीही विचारला नव्हता. "आदी आडनाव, मग नाव. फौजंतबी आसंच आस्तंय," एवढं ज्ञान त्यांना पुरलं. पाण्याची कायम ओढ असलेल्या वडुजात त्यांनी आंघोळीच्या पाण्यावर तीसेक कुंड्या जगवल्या आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून प्रत्येकीच्या गळ्यात पाटी अडकवली. दसऱ्याला झेंडूची परडी पुढे करून ते मामींना म्हणाले, "टॅजेटिस इरेक्टाचं त्वारण कर." मामी म्हणाल्या, "घरात फुलं हायत का सायबाची पोरं, काय कळंना झालंय बगा."

मी सांगलीला विश्रामबागेत एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम पलीकडच्याच खोलीत बसतात, हे मामांना कळलं आणि माझे हाल सुरू झाले. एकदा मॅडमनी सांगितलं की सदाफुलीचं विन्का रोझिया हे नाव जुनं झालं, आता तिला कॅथरॅन्थस रोझियस म्हणतात. मी फोनवर तसं कळवलं. मग मामांनी विचारलं, "लगीन झालं व्हय हिचं?" मीही गोंधळून "झालं असेल" म्हणून बसलो. पुढच्या खेपेला वडूजला गेलो तर पाटी नव्यानं रंगवलेली, आणि खाली बारीक अक्षरांत सदाफुलीचं माहेरचं आडनाव.

इथपर्यंत गंमत होती. पण जास्वंदीच्या पाटीवरच्या नावाचा अर्थ चीनचा गुलाब, हे मी एकदा बोलून गेलो आणि मामांची झोप उडाली. "चिनी? आन रोज गणपतीला घालतोय आमी?" दोन दिवस गणपतीला नुसत्या दूर्वा मिळाल्या. तिसऱ्या दिवशी मामींनी कुणाला न विचारता जास्वंद तोडून वाहिली. पण तेव्हापासून मामा नावांचे अर्थ विचारू लागले, आणि एक दिवस पारिजातकाची पाळी आली.

त्यांची एकुलती लेक पलूसला दिलेली. पाठवणीच्या वेळी मामांनी भांड्याकुंड्यांबरोबर पारिजातकाचं रोप गाडीत ठेवलं होतं, पाटीसकट: निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. आता ते झाड कुंपणाच्या वर गेलंय. जावई फौजेत, वर्षातले दहा महिने लांब. "पावणं, आर्बर-ट्रिस्टिस म्हंजी काय वो?" मामांनी फोनवर विचारलं. मी मॅडमना विचारलं आणि जराही विचार न करता सांगून टाकलं, "दुःखी झाड, मामा." ते बोललो ती माझी चूकच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामींचा फोन. "आवं पावणं, काय सांगितलंसा ह्यास्नी? कुऱ्हाड घिऊन पयल्या गाडीनं पलूसला गेल्यात!"

मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा मामा झाडाखाली मांडी घालून बसले होते, कुऱ्हाड मांडीवर. लेक समोर उभी. शेजारच्या दोन बायका परड्या घेऊन मामांच्या भोवतीनं फुलं वेचत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आवं मामा, जरा सरका की. फुलांवर बसलाय तुमी."

मामा सरकले, पण बोलणं लेकीशीच चाललं होतं. "माज्या हातनं चूक झाली, पोरी. तुज्यासंगट दुख लावून दिलं मी. जावई तिकडं, तू हितं येकली. तोडून टाकतो ह्ये झाड."

"आबा, नवीन आले तवा गल्लीत कुणी वळखीचं न्हवतं," लेक म्हणाली. "ह्याला फुलं आली आन पूजेसाठी बायका यायला लागल्या. वेचता वेचता बोलायला लागल्या. येकलं वाटतंय की, न्हाई कशाला म्हनू? पर सकाळचं वाटत न्हाई."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, मग पाटीकडे. इतका गोंधळलेला हवालदार मी दुसरा पाहिलेला नाही. शेवटी त्यांनी कुऱ्हाड माझ्याकडे दिली. "पावणं, मग नाव चुकलंय. शाळंच्या दाखल्यावर दुरुस्ती हुती, तर ह्याची का न्हाई? अर्ज लिवा." मी तिथंच पायरीवर बसून लिहिला, मामांनी मजकूर सांगितला. पाटीवरचं आडनाव त्यांनी ठेवलं, नावावर पांढरा रंग फासला. ती जागा अजून कोरी आहे.

अर्ज कुठं पाठवायचा हे मॅडमनाही सांगता आलं नाही. मामांचा फोन येतो, "उत्तर आलं का?" मी "अजून नाही" म्हणतो. "येळ लागायचाच," ते मलाच धीर देतात. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खाली मामांची सही, आधी आडनाव, मग नाव. आणि वर त्यांनीच सांगितलेली ओळ: ‘सदर झाड दुःखी नाही. समक्ष पाहिले आहे.’