काचेच्या पेटीतली गाभोळी

गेल्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला, सकाळी, आपल्या गावच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या एका ढिवर बाईचं जाळं मालगुजाराच्या माणसांनी हिसकावलं. ती माझ्या आईची मैत्रीण. मी तिला मावशी म्हणतो. आरोप असा, की मालगुजारानं कलकत्त्याहून आणून सोडलेल्या रोहूची पिल्लं तिनं धरली. धडधडीत खोटं! टोपलीत गावठी मासळी होती. दोन बोटांची, अंगातून आरपार दिसणारी. त्याहून मोठी ती होतच नाही.

"पिल्लाच्या पोटात गाभोळी रायते का रे, बाबू?" मावशीनं विचारलं.

अंडी दाखवली की आरोप खोटा ठरला. पण ही मासळी मेली की पांढरी पडते, पोटातलं झाकलं जातं. म्हणून जाळं परत मिळावं यासाठी तहसीलदाराकडे करायच्या अर्जाला जिवंत माशाचा फोटो जोडायचं मी ठरवलं. तळ्यातून नवी मासळी मडक्यात घेऊन आम्ही गाडीत बसलो. गोंदिया येईपर्यंत मावशी हातानं पाणी थापटत राहिली, मासळीला दम मिळावा म्हणून.

फोटोवाल्यानं जुन्या काचा राळेनं जोडून पेटी केली, ती अंगणात उन्हाकडे पाठ करून ठेवली. त्याच्याकडे कॅमेऱ्याची भिंगं दोन, लग्नातल्या चेहऱ्यांसाठी मोठं, घोळक्यासाठी लहान.

"शादीवाला लगाऊं, या ग्रुपवाला?"

"मोठं लावा," मी म्हटलं. मोठं भिंग, मोठा पुरावा! पत्रकं लिहून लागलेली खोड.

कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि भांडण विसरलो. मागच्या काचेवर सगळं उलटं. पाण्याखाली आभाळ नव्हतं, आभाळातच पाणी होतं. त्यात मासे पाठीवर निजून तरंगत होते, दिव्याच्या ज्योतीसारखे. माझा श्वास त्यांच्या कल्ल्यांबरोबर चालू लागला. किती वेळ गेला कोण जाणे.

"बाबू, झोपला का रे तिथं?" मावशी हसली.

फोटो निघाला तो असा: डोळा लख्ख, पोट धुकं.

"दुल्हन बना दिया मछली को," फोटोवाला म्हणाला. ते भिंग चेहऱ्यासाठी; इतक्या जवळून त्याला केसाएवढीच जाडी स्पष्ट दिसते. मग लहान भिंग लावलं, पुढे चष्म्याची काच बांधली, भिंगाचं तोंड अगदी बारीक केलं. आता सगळं स्पष्ट आलं असतं, पण बारीक तोंडातून उजेड हळूहळू येतो, तेवढा वेळ मासा थांबायला हवा. तो थांबेना. फोटोच्या दोन काचा वाया गेल्या.

"माशाले काऊन दटावता? पाण्याले आवरा ना," मावशी म्हणाली. तिनं पेटी करून उरलेली एक जुनी काच पेटीत उभी सरकवली, बांधावर पाण्याची वाट अरुंद करतात तशी. माशाला मागेपुढे व्हायला जागाच उरली नाही. तो उन्हात थांबला, नुसते पंख हलत होते. फोटोवाल्यानं मनात आकडे मोजले आणि भिंगावर झाकण लावलं.

फोटोत पोटाच्या आत खसखशीसारखी अंडी मोजता येतात.

अर्ज परत आला. शेरा: एकट्या बाईचं म्हणणं, गावाची साक्ष नाही. जाळं अजून मालगुजाराच्या गोठ्यात टांगलेलं आहे, मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून ओंजळीनं मासळी धरते, आणि गावकऱ्यांनो, तुम्ही बांधावरून पाहून राहिले.

फोटो माझ्या घरी आहे. या, उजेडात धरून पाहा, आणि मावशीच्या अर्जावर साक्षीची सही करा. आजच.