गाळलेली ओळ

मोसंबी सोलल्याचा वास आला की मला नाशिकच्या दवाखान्यातली केमोची खोली आठवते. शेजारच्या खुर्चीत सायखेड्याच्या एक बाई होत्या, हाताला सलाईन, डोळे मिटलेले. नवरा त्यांना मोसंबीची एकेक फोड देत मोबाइलवरून काहीतरी वाचून दाखवत होता. दोन वाक्यांतच ओळखलं, तो माझा ब्लॉग होता. त्यावर माझं नाव नव्हतं, फोटोही नव्हता, म्हणून मी गप्प ऐकत राहिले. केस गळण्यावरचा विनोद त्याने रंगवून वाचला. पुढे मी लिहिलं होतं, 'यातून मी उठेन असं आज वाटत नाही.' तिथे तो जरा अडखळला आणि थेट खालच्या परिच्छेदावर गेला. मला रागच आला. तीच ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. तो चहाला बाहेर गेल्यावर बाई डोळे न उघडताच मला म्हणाल्या, "मधलं गाळत्यात ते. मी सकाळीच वाचलेलं असतं. पण सांगत नाय त्यांना, लय घाबरत्यात." ब्लॉग मी अजून लिहिते. कोणती ओळ गाळली जाणार, हे आता लिहितानाच कळतं. ती मी खोडत नाही. सकाळी एकटीने वाचणारी कुणीतरी असते.