भांडायला येणारा भाडेकरू
तीळ-गुळाच्या गजकेचा पुडा उघडला, भाजलेल्या तिळांचा वास आला, की मला बाबांची बैठक आठवते. सराफ्यातलं आमचं लहानसं दुकान एका सोनाराकडे भाड्यानं होतं आणि करार नवा करायला तो दर थंडीत गजक घेऊन आमच्या हरिशंकरपुरमच्या घरी यायचा. बाबा भाडं मुद्दाम चढवून सांगायचे. तो कपाळाला हात लावायचा, "बाबूजी, इतने में तो दुकान ही खरीद लूँ!" मग चहा, थोडा रुसवा, पुन्हा चहा, आणि शेवटी दोघांनाही आधीपासून ठाऊक असलेला आकडा. आई गेल्यावर बाबांकडे दुसरं कुणी फारसं येतही नसे. त्यांना कटकट नको म्हणून मी वकिलाकडून पाच वर्षांचा करार करून घेतला, भाडं दरवर्षी आपोआप वाढेल असा. दोघांनी मुकाट्यानं सह्या केल्या. पुढच्या थंडीत बाबा इस्त्रीचा सदरा घालून संध्याकाळभर दाराकडे बघत बसले. मी म्हटलं, "बाबा, वाढीव भाडं खात्यात आलंय." "ते आलं गं," ते म्हणाले, "पण तो भांडायला कधी येणार?" आता गजक मीच विकत आणते. करार अजून दोन वर्षं चालेल, बाबा नाहीत.